शिक्षकांचें पुढारीपण

‘नेतृत्व’ हा शब्द हल्लीं शाळांच्या आवारांत वारंवार ऐकूं येऊं लागला आहे. राजकारणांतून तो कारखान्यांत गेला, कारखान्यांतून कचेऱ्यांत आला, आणि आतां प्रशिक्षणवर्गांच्या कार्यक्रमपत्रिकेंतून शिक्षकांच्या दारीं येऊन उभा राहिला आहे. त्याच्या जोडीला ‘व्यावसायिक विकास’ हाहि एक शब्द असतो. दोन्ही शब्द चांगले आहेत; परंतु चांगले शब्द अतिवापरानें झिजतात, आणि झिजलेल्या नाण्यावरचा छाप जसा वाचतां येत नाहीं, तसा त्यांचा अर्थहि ओळखूं येईनासा होतो. शिक्षकांमध्यें पुढारी कोणास म्हणावें? आणि शिक्षकाची वाढ होते म्हणजे नेमकें काय होतें? हे दोन प्रश्न दिसावयास निरनिराळे असले तरी त्यांचें उत्तर एकच आहे, असें आम्हांस वाटतें. तें उत्तर आम्हांस एका प्राथमिक शिक्षकाकडून मिळालें, आणि तें मिळतांना आमची मान खालीं गेली, हेंहि प्रारंभींच सांगून टाकणें बरें.

कांहीं वर्षांपूर्वीं अलिबागेस भरलेल्या शिक्षकांच्या एका वर्गांत व्याख्यान देण्यास आम्हांस बोलावण्यांत आलें होतें. विषय हाच होता. आमच्यापाशीं टिपणें तयार होतीं. तीं आम्हीं पूर्वीं दोन-तीन ठिकाणीं वापरलीं होतीं, व त्यांत सॉक्रेटिसापासून जॉन ड्यूईपर्यंत सर्वांची हजेरी होती. व्याख्यान संपलें, टाळ्या झाल्या. मागच्या बांकावरून एक वयस्क गुरुजी उठले आणि अत्यंत नम्रपणें त्यांनीं विचारलें, “सर, एखाद्या विद्यार्थ्यामुळें आपण आपला पाठ बदलला, असें शेवटचें केव्हां घडलें?” प्रश्नांत खोंच नव्हती, त्यांना खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. आम्हीं आठवून पाहिलें. तीस वर्षांच्या अध्यापनांतील शेवटचीं दहा वर्षें आम्हीं डोळ्यांपुढून नेलीं, आणि आम्हांस एकहि प्रसंग आठवेना. आम्हीं कांहींतरी गुळमुळीत उत्तर दिलें, तें येथें लिहिण्याच्या योग्यतेचें नाहीं.

वर्ग सुटल्यावर आम्हीं त्यांना गांठलें व तोच प्रश्न त्यांना परत केला. त्यांची शाळा किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यांत. तिसरींतील मुलें हातचा घेऊन करावयाच्या वजाबाकींत सारखीं चुकत. दोनशेंतून एकशेंसदतीस वजा करा म्हटलें कीं पाटीवर गोंधळ उडे. परंतु तींच मुलें संध्याकाळीं आईबरोबर मासळीबाजारांत बसत, आणि गिऱ्हाइकानें एकशेंसदतीस रुपयांच्या मालाला दोनशें पुढें केले, तर त्रेसष्ट रुपये निमिषार्धांत परत देत. गुरुजी दोन-तीन दिवस बाजारांत जाऊन नुसते उभे राहिले. तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें कीं मुलें वजा करीतच नाहींत; तीं पुढें मोजीत जातात. तिनांनीं एकशेंचाळीस, साठांनीं दोनशें; झाले त्रेसष्ट! दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनीं वजाबाकी बाजारांतल्या रीतीनें शिकविण्यास आरंभ केला, व मुलांची पकड बसल्यावर मग हातच्याची रीत तिला जोडून दिली. शेजारच्या गांवच्या बाईंनीं हें ऐकलें व त्या पाहावयास आल्या. पुढें आणखी दोघे आले. कोणीं परिपत्रक काढलें नव्हतें, कोणीं त्यांस मार्गदर्शक नेमलें नव्हतें. “त्यांत विशेष कांहीं नाहीं, मुलांनीं मला शिकविलें, मीं यांना सांगितलें,” एवढेंच ते म्हणाले.

आमच्या मतें या साध्या वाक्यांत सगळा विषय आला आहे. अधिकार वरून मिळतो. पुढारीपण शेजारून मिळतें. अधिकारपत्रावर सही करणारा कोणी वरिष्ठ असावा लागतो. पुढारीपणाची सनद मात्र बरोबरीचे सोबती देतात, आणि तीहि न बोलतां देतात. जो आपल्या वर्गांत अद्याप शिकत आहे, त्याच्याकडे इतर शिक्षक आपोआप वळतात. ज्याचें शिकणें थांबलें, त्याच्या हातीं छडी राहील, शिक्का राहील, हजेरीपत्रक राहील, परंतु पुढारीपण राहणार नाहीं.

आमच्या शिक्षणव्यवस्थेंत या दोहोंची गल्लत झालेली आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची पाहावी. पहिली ते पांचवीच्या शाळेंत 60 पर्यंत मुलें असल्यास दोन शिक्षक, आणि मुलें 150 हून अधिक झालीं म्हणजे निराळा मुख्याध्यापक, असा तिचा हिशेब आहे. कोंकणांतील वाड्यावस्त्यांवरच्या लहान शाळा या आंकड्याच्या जवळपासहि जात नाहींत. तेव्हां दोघांपैकीं जो सेवेनें ज्येष्ठ, त्याच्या गळ्यांत मुख्याध्यापकाचा कार्यभार पडतो. पोषण आहाराच्या तांदुळाचा हिशेब, गणवेशांची यादी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचें इतिवृत्त, संगणकावर भरावयाची माहिती, हें सारें त्यानें दोन-तीन इयत्ता एका खोलींत शिकवीत असतां करावयाचें. याला आपण नेतृत्व म्हणतों! वस्तुतः हा कारकुनीचा भार आहे, आणि तो नेमका शाळेंतील सर्वांत अनुभवी शिक्षकावर पडतो. मोठ्या शाळेंत दुसराच प्रकार. तेथें उत्तम शिकविणाऱ्यास बढती मिळते, आणि बढतीबरोबर त्याचें शिकविणें कमी होतें किंवा बंद पडतें. उत्तम नावाड्याचा गौरव म्हणून त्यास होडींतून उतरवून धक्क्यावरच्या कचेरींत बसवावें, त्यांतलाच हा न्याय झाला.

वाढीच्या बाबतींत तेंच. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें प्रत्येक शिक्षकास व मुख्याध्यापकास वर्षाकाठीं निदान 50 तास व्यावसायिक विकासाची संधि असावी, असें सांगितलें. हेतु उत्तम आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आपल्या राज्यांत बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ व चोवीस वर्षांनंतर निवड वेतनश्रेणी मिळते, आणि तिच्यासाठीं प्रशिक्षण पूर्ण करण्याची अट असते. परंतु ज्या दिवशीं वाढ तासांत मोजली जाते व पगाराला बांधली जाते, त्या दिवसापासून मनुष्य तास भरूं लागतो. तें त्याचें पाप नव्हे, तो मोजमापाचा स्वभाव आहे. प्रमाणपत्र हें आपण एके ठिकाणीं उपस्थित होतों याचा पुरावा आहे. आपण बदललों याचा नव्हे. मासळीबाजारांत उभे राहण्यांत गुरुजींचे किती तास गेले, याची नोंद कोणत्याहि रजिस्टरांत नाहीं.

पदापेक्षां शिकणें मोठें मानल्याचें एक थोर उदाहरण आपल्याच किनाऱ्याच्या उत्तर टोंकाला घडलेलें आहे. ताराबाई मोडक यांस राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचें प्राचार्यपद मिळालें होतें. शिक्षकांस शिकविण्याचें तें पद. त्यावर त्या आयुष्यभर सन्मानानें राहूं शकल्या असत्या. परंतु त्या तें सोडून भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या, व लहान मुलांच्या शाळेंत बसून नव्यानें शिकूं लागल्या. पुढें 1945 सालीं त्यांनीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, व तेथें अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. कोसबाडच्या टेकडीवर काम गेल्यावर त्यांस आढळलें कीं वारल्यांचीं मुलें शाळेंत येत नाहींत, कारण त्यांना गुरें राखावयाचीं असतात, व मुली येत नाहींत, कारण त्यांच्या कडेवर धाकटें भावंड असतें. दुसरा एखादा मुख्याध्यापक अनुपस्थितांची यादी वर पाठवून मोकळा झाला असता. या दोघींनीं शाळाच कुरणांत नेली, आणि पाळणाघर, बालवाडी व शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभारली. कुरणशाळेची कल्पना कोणत्याहि अभ्यासक्रमांत नव्हती. ती गैरहजर मुलांनीं शिकविली. ताराबाईंस 1962 सालीं पद्मभूषण व अनुताईंस 1985 सालीं पद्मश्री मिळाली हें योग्यच झालें. परंतु सन्मान मागून आले, पुढारीपण फार आधीं आलेलें होतें.

येथें कोणी म्हणेल, अशीं माणसें शतकांत दोन-चार निपजतात. सामान्य शिक्षकानें काय करावें? त्यावर आमचें उत्तर असें कीं सामान्य शिक्षकास सोबत लागते. 1880 सालीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल निघालें आणि 1884 सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हां शिक्षकांनींच संस्था चालवावी व आजीव सदस्य म्हणून तिला वाहून घ्यावें, अशी ती कल्पना होती. त्या मंडळींत वामन शिवराम आपटे होते. विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठीं त्यांनीं संस्कृत रचनेचें पुस्तक लिहिलें, 1890 सालीं संस्कृत-इंग्रजी कोश सिद्ध केला, फर्ग्युसन कॉलेजचे ते पहिले प्राचार्य झाले, आणि 1892 सालीं, वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षीं, निवर्तले. शिकवणें आणि शिकणें हीं दोन कामें आहेत, असें त्यांच्या चरित्रावरून वाटतच नाहीं. अर्थात् ती सोबत भांडणांवांचून होती असें नव्हे. बाहेरची मिळकत व बाहेरचें कार्य यांवरून सदस्यांत तीव्र मतभेद झाले व 1890 सालीं टिळकांनीं राजीनामा दिला. परंतु शिक्षकांनीं एकमेकांपाशीं कर्तव्याचा हिशेब मागावा, हीच गोष्ट आज किती दुर्मिळ झाली आहे! आमच्या केंद्राकेंद्रांतून दरमहा शिक्षण परिषद भरते. तेथें एखाद्या शिक्षकानें उठून “माझा हा पाठ फसला, कां फसला तें मला सांगा,” असें म्हटलें, तर ती परिषद सार्थ झाली असें आम्ही समजूं. चूक कबूल करण्याचें भय जेथें नाहीं, तेथेंच वाढ होते.

आणखी एक आक्षेप याहून गंभीर आहे, व तो टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. शिक्षकाच्या त्यागाचीं स्तोत्रें गाऊन त्याला उपाशी ठेवण्याची आपल्या समाजाची खोड जुनी आहे. 2000 सालीं शिक्षणसेवक योजना आली. तींत नव्या शिक्षकास पहिलीं तीन वर्षें केवळ मानधन. प्राथमिक शिक्षकाचें तें मानधन दीर्घकाळ महिना 6,000 रुपये होतें, तें 2023 सालीं 16,000 झालें. अशा तरुणास आम्हीं पगारी प्राध्यापकांनीं “पदावांचून पुढारी व्हा” म्हणून सांगावें, यांत एक प्रकारची क्रूरता आहे. म्हणून आम्ही स्पष्ट म्हणतों कीं पुढारीपण हें वेतनाच्या, नेमणुकीच्या व कारकुनाच्या ऐवजीं द्यावयाची वस्तु नव्हे. महात्मा फुले यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शिक्षकांची बाजू मांडली, तेव्हां शिक्षक प्रशिक्षित असावा, शेतकरीवर्गांतून यावा, आणि त्याला पगारहि चांगला असावा, अशा तिन्ही मागण्या त्यांनीं एकत्रच केल्या. त्यांतली एक घेऊन दुसरी टाकण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. समाजानें आपलें देणें द्यावें. परंतु तें देणें पुरें मिळाल्यावरहि जें कोणी देऊं शकत नाहीं व कोणी हिरावूं शकत नाहीं, त्याविषयीं आम्ही बोलत आहों.

आमच्या अलिबागेस चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या धांवूं लागल्या म्हणजे कुलाब्याच्या वेधशाळेंतील सुया विचलित होतील, या भीतीनें 1904 सालीं तें काम येथें आणण्यांत आलें. लोखंड टाळून, ज्यांत चुंबकत्व नाहीं असा पोरबंदरी दगड वापरून इमारत बांधली. आणि सुमारें दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेऊन मगच जुनें बंद केलें. त्या वाटेनें फिरावयास जातांना आमच्या मनांत येतें कीं सुईला उत्तर दिशा कोणी शिकवावी लागत नाहीं. तिच्याभोंवतालची खळबळ मात्र दूर करावी लागते. शिक्षकाचेंहि तसेंच आहे. परिपत्रकें, तातडीच्या माहित्या, दिवसभर वाजणारे व्हॉट्सॲपचे निरोप, ह्या त्याच्या ट्रामगाड्या होत. त्या थोड्या दूर गेल्या, तर मुलाच्या चुकीकडे पाहावयास त्याला निवांतपणा मिळेल. शासनाला व संस्थांना शिक्षकांच्या वाढीसाठीं खरोखर कांहीं करावयाचें असेल, तर तें हेंच.

आमच्यापुरतें म्हणाल, तर त्या वर्षीं जूनमध्यें आम्हीं तीं जुनीं टिपणें कपाटाच्या तळाशीं ठेवलीं. पहिल्या वर्षाच्या वर्गांत एक मुलगी निबंधांत सारखी एकच चूक करी. पूर्वीं आम्हीं तांबडी रेघ ओढून पुढें गेलों असतों. या खेपेस तिला बोलावून विचारलें. तिनें जें कारण सांगितलें, त्यानें आमची चूक उघड झाली, तिची नव्हे. कित्येक वर्षें तो नियम आम्हीं अर्धाच शिकवीत आलों होतों. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तसें कबूल करतांना आमचा आवाज किंचित् अडखळला. निवृत्तीस आतां फार वर्षें उरलेलीं नाहींत. तथापि मागच्या बांकावरचे ते गुरुजी पुन्हां भेटले, तर त्यांच्या प्रश्नाला सांगण्याजोगें एक उत्तर आमच्यापाशीं आहे.