हात हवेत, नुसती वर्गणी नको



देवळाच्या आवाराच्या भिंतीवर चित्र काढावे, असा विषय पॅरिश कौन्सिलच्या सभेत निघाला. लगेच एकजण म्हणाले, "फादर, चांगला पेंटर बघा. वर्गणी काढू, पैसे देऊ आणि मोकळे होऊ." सूचना चांगल्या मनाने केलेली होती. पण 'मोकळे होऊ' हे शब्द माझ्या मनात राहून गेले. देवाच्या घराच्या कामातून मोकळे होण्याची आपल्याला एवढी घाई का?

निर्गमच्या ३५ व ३६ व्या अध्यायांत निवासमंडपाची हकिगत आहे. इस्राएल लोक काही कलावंतांचे राष्ट्र नव्हते. कालपर्यंत ते मिसर देशात विटा पाडणारे गुलाम होते. देवाने बसालेल व अहलियाब ह्या दोन कारागिरांना नावानिशी निवडले. पण सारे काम त्या दोघांनीच केले नाही. स्त्रियांनी निळे, जांभळे, किरमिजी सूत कातले, बकऱ्यांच्या केसांचे सूत काढले. लोक रोज सकाळी इतके आणू लागले, की 'आता पुरे' असे मोशेला छावणीत जाहीर करावे लागले! आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. देवाने बसालेलला दिलेल्या देणगीत दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही होती. देव कलावंताला कला देतो, ती इतरांचे हात बांधण्यासाठी नव्हे, तर त्यांना कामाला लावण्यासाठी.

हे फक्त मोशेच्या काळातच घडले असे नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९८४ पासून भिंतीचित्रांचा एक उपक्रम चालू आहे. तेथे चित्रकार आधी चित्राची आखणी करतो. मग पातळ कापडाच्या चौकोनी तुकड्यांवर रेघा उतरवून प्रत्येक भागाला रंगाचा क्रमांक देतो. हे तुकडे शाळांत, सभागृहांत जातात. ज्यांनी कधी ब्रश धरला नाही, असे लोक क्रमांक पाहून रंग भरतात. चित्रकार शेवटचा हात फिरवतो आणि तुकडे भिंतीवर चिकटवले जातात. सप्टेंबर २०१५ मध्ये जागतिक कुटुंब संमेलनासाठी दिवंगत पोप फ्रान्सिस त्या शहरात गेले. त्या निमित्ताने एका कॅथलिक शाळेच्या भिंतीसाठी कुटुंबावरील भव्य चित्र असेच करण्यात आले. अडीच हजारांहून अधिक लोकांनी त्यात रंग भरला.

त्याही आधी, २००४ च्या सुमारास, जवळच्या ग्रेटरफर्ड तुरुंगातील कैदी आणि गुन्ह्यांमुळे पोळलेली माणसे ह्याच कामासाठी एका खोलीत बसली. चित्रात काय असावे, ह्यावरून त्यांचे जमेना. अखेर एकाऐवजी दोन चित्रे झाली. एक कैद्यांच्या वाटचालीचे, दुसरे पीडितांच्या वाटचालीचे. बंधु-भगिनींनो, क्षमा काही रंगाच्या डब्यातून येत नाही. पण जे एकमेकांच्या समोर उभे राहिले नसते, ते एका कामापाशी आले. क्षमेची वाट तेथूनच सुरू होऊ शकते.

मला माझी एक चूक आठवते. तरुणपणी एका धर्मग्रामात असताना नाताळच्या गोठ्यासाठी एका वृद्ध बाबांनी मातीची मेंढरे करून आणली. ती ओबडधोबड होती. मी बाजारातली गुळगुळीत मेंढरे पुढे मांडली आणि बाबांची मागे, गवतात ठेवली. मध्यरात्रीच्या मिस्सानंतर बाबा गोठ्यापुढे बराच वेळ आपली मेंढरे शोधत उभे होते. ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी काही आणलेही नाही. डोळा हाताला 'तुझी मला गरज नाही' असे म्हणू शकत नाही, असे संत पौल करिंथकरांना बजावतो. मी मात्र न बोलता तेच म्हणालो होतो.

म्हणून भिंतीसाठी जाणता चित्रकार आपण जरूर आणू. त्याला विनंती एवढीच, की रेघा तुम्ही आखा, रंग आम्हांला भरू द्या. ज्यांचा हात थरथरतो त्या आजीबाई येऊ द्या. चित्रकलेत नापास झालेला मुलगा येऊ द्या. भाड्याने राहायला आलेली, अजून मागच्या बाकावर बसणारी कुटुंबे येऊ द्या. आणि बांधाच्या वादावरून ज्यांचे बोलणे बंद आहे, त्यांना तर मी मुद्दाम एकाच तुकड्यावर बसवणार आहे! बोलू नका हवे तर. पण रंगाचा डबा एकमेकांना द्यावाच लागेल.

रेघेबाहेर थोडा रंग जाईल. विकतचे चित्र कदाचित अधिक सुबक झाले असते. पण दहा वर्षांनी कोणी आपल्या नातवाला भिंतीपाशी नेऊन सांगेल, "हा निळा तुकडा माझा." देऊळ त्या दिवशी त्याचे अधिक झालेले असेल.

हे प्रभो, तू सुताराच्या घरी राहून हातांनी काम केलेस. आमचे हात तुझ्या कामी लाव, आणि दुसऱ्याच्या हाताला जागा करून देण्याचे मोठे मन आम्हांला दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू