खाचराचे बांध

गेल्या महिन्यात ‘ताणमुक्त जगणं’ या विषयावरच्या एका व्याख्यानाला जाऊन बसलो. वक्त्याने पडद्यावर पेशीचं रंगीत चित्र लावलं. पेशीचं आवरण प्रवाही असतं, म्हणाला; त्यात सगळं मोकळं तरंगतं, एका टोकाला ताण आला की क्षणात सगळीकडे वाटला जातो. तुम्हीही तसेच व्हा, कुंपणं काढून टाका! टाळ्या पडल्या. माझे हात काही उचलले नाहीत. पण एकट्या वक्त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हे अर्धवट वाचन आपण सगळ्यांनी पन्नास वर्षं जपलेलं आहे.

या आवरणाची आधीची गोष्ट शाळेत झालेली असते, म्हणून भरभर. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी 1925 मध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींचा मेद काढून पाण्यावर पसरला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला आणि हे आवरण, म्हणजे पटल, दुहेरी थराचं ठरलं. हिशेबात दोन चुका होत्या, पण त्यांनी एकमेकींना खाऊन टाकलं. 1935 मध्ये डॅनिएली आणि डॅव्हसन यांनी त्या थराला दोन्ही बाजूंनी प्रथिनांचा लेप दिला. मग 1970 मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी माणसाची आणि उंदराची पेशी जोडून एक केली. दोघींच्या प्रथिनांना वेगळ्या रंगांच्या खुणा होत्या. आधी अर्धी पेशी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. 37 अंशांवर 40 मिनिटांत रंग कालवले गेले. दोन वर्षांनी सिंगर आणि निकल्सन यांनी एका लेखात या पटलाला ‘फ्लुइड मोझेक’, म्हणजे तुकड्यातुकड्यांची प्रवाही नक्षी, म्हटलं.

गाडी चुकते ती इथे. नावात शब्द दोन आहेत. आपण पहिला उचलला आणि दुसरा सोडून दिला. त्या लेखातला मोकळेपणाचा दावा सरसकट नव्हता. पटलावर दूरवर पसरलेली शिस्त कुठे दिसलीच, तर ती पटलाबाहेरच्या कशाने तरी आणलेली असणार, असं लेखकांनी लिहून ठेवलं होतं. दार त्यांनी उघडं ठेवलं होतं, पण चित्रकारांनी समुद्र रंगवला, त्यावर हिमनगांसारखी प्रथिनं सोडली आणि पाठ्यपुस्तकांनी तोच छापला.

खरं तर 1970 च्या प्रयोगातच खूण होती. 40 मिनिटं आपल्याला झटपट वाटतात, पण नुसत्या मेदाच्या थरात प्रथिनं ज्या वेगाने पळतात, त्या मानाने ही बैलगाडीच. त्यांना कोण अडवत होतं? 1980 मध्ये मायकेल शीट्झ आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या अशा तांबड्या पेशी तपासल्या, ज्यांच्या पटलाखाली स्पेक्ट्रिन या प्रथिनाची जाळी, म्हणजे पेशीचा सांगाडा, नव्हती. तिथे प्रथिनं सुमारे 50 पट वेगाने सरकत होती. अडवणारं जे होतं ते पटलाखालच्या सांगाड्यात होतं. 2002 मध्ये अकिहिरो कुसुमी यांच्या गटाने सेकंदाला 40,000 चित्रं टिपणारा कॅमेरा लावून मेदाचा एकेक रेणू पाहिला. रेणू एका छोट्या चौकटीत येरझाऱ्या घालतो, मग अचानक शेजारच्या चौकटीत उडी मारतो. कोकणातलं भातखाचर डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक खाचरातलं पाणी मोकळंच असतं, पण मध्ये बांध असतात. त्यांच्यामुळे पाणी टिकतं आणि भात उभा राहतो. पेशीत हे बांध सांगाड्याचे.

हे बांध निर्जीवही नाहीत. मुंबईच्या आयआयटीत रसायनशास्त्र शिकलेले सत्यजित मेयर आणि भौतिकशास्त्रज्ञ मदन राव यांनी बंगळुरूत दाखवलं, की पटलाच्या बाहेरच्या थरात रुतलेल्या काही प्रथिनांचे चिमुकले पुंजके आतल्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या हालचालींमुळे बनतात आणि मोडतात. त्यासाठी पेशी ऊर्जा खर्चते.

राहता राहिला ताण. तो पटलात क्षणात पसरतो, असं कालपरवापर्यंत भले भले शास्त्रज्ञही धरून चालत होते. 2018 मध्ये हार्वर्डच्या अ‍ॅडम कोहेन यांच्या गटाने पटलातून दोन बारीक धागे ओढले. एक ताणला, तर काही मायक्रोमीटरवरच्या दुसऱ्याला कित्येक मिनिटं पत्ताच नाही. ताणाने उघडणारी दारं उघडली ती जिथे ओढलं तिथेच, कॅल्शियम शिरलं तेही तिथेच. मला यात शहाणपण दिसतं. ताण क्षणात सगळीकडे सारखा झाला, तर धक्का कुठे बसला हे पेशीला कळणार कसं?

वक्त्याला हवं तसं कुंपण नसलेलं पटल त्याच प्रयोगात होतं. सांगाड्यापासून सुटलेल्या पटलाच्या फोडावर ताण खरोखरच तत्काळ पसरला. धडधाकट पेशीवर असा फोड आला, तर खालून सांगाडा पुन्हा उभा राहतो आणि त्याला आत ओढून घेतो. मरू घातलेल्या पेशीवर मात्र ते एकामागून एक उठत राहतात.