दाढेचं दुखणं आणि वैद्याचा धर्म

दाढ ठणकू लागली की रात्र सरता सरत नाही. ती शांत करण्याचं मोल किती घ्यावं, हा प्रश्न फार जुना आहे. चरकसंहितेने वैद्याला धनासाठी नव्हे, तर भूतदयेने उपचार करायला सांगितलं आणि चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्याला कडक शब्दांत सुनावलं.

ब्रिटनने 5 जुलै 1948 रोजी या प्रश्नाला व्यवहारात उत्तर दिलं. राष्ट्रीय आरोग्य सेवेत दातांचे उपचार, अगदी कवळ्यासुद्धा, मोफत झाले. वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलेल्यांची दंतवैद्यांकडे रीघ लागली. काहींना ती उधळपट्टी वाटली. खरं तर ती साचलेल्या वेदनेची मोजदाद होती. 1951 मध्ये, कोरियन युद्धाच्या काळात शस्त्रखर्च वाढला, तेव्हा अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावलं. ही सेवा उभारणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी त्याच्या निषेधार्थ मंत्रिपद सोडलं.

तत्त्वासाठी खुर्ची सोडणारा माणूस विरळाच.

आपल्याकडे खासगी दंतवैद्याला दोष देणं सोपं आहे. जागेचं भाडं, यंत्रं, शिक्षणाचं कर्ज हे सारं त्याच्याही डोक्यावर असतं. त्याने फी घेणं अधर्म नाही. पण वाचवता येणारी दाढ, रूट कॅनॉलला पैसे नाहीत म्हणून उपटावी लागते, तेव्हा अधर्म घडतो. त्याची जबाबदारी एकट्या डॉक्टरची नसते, आपल्या सगळ्यांची असते.

मुंबईत महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे. आपल्या तालुक्यात असा दवाखाना कुठे आहे, हे पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला जरूर विचारा.