नवं पाप, जुनं पाप

तंबाखू आपल्याकडे व्यसन म्हणून राहत नाही, नातेवाईक म्हणून राहते. आजीच्या मिश्रीत ती असते, आजोबांच्या चंचीत असते, शेतावरच्या गड्याच्या कानावर ती विडी होऊन बसते आणि मामांच्या पानाच्या डब्यात तर तिला स्वतंत्र खण असतो. गाडीत समोरच्या बाकावरच्या परक्या माणसाशी ओळख काढायची तर "चुना आहे का हो?" याच्याइतका सोपा मंत्र अजून कुणाला सापडलेला नाही.

अशा घरच्या माणसाला हाकलणार कसं? फार तर त्याला घरपट्टी लावायची. सरकारनं तेच केलं आहे. सिगारेटवर जबर कर बसवला, पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर अंगावर काटा आणणारं चित्र छापायला लावलं आणि विक्री चालू ठेवली. आंध्रात गुंटूरला १९७६ पासून तंबाखू मंडळही आहे. म्हणजे वाणिज्य खातं तंबाखू परदेशी धाडायला हातभार लावतं, आरोग्य खातं तिला शिव्या घालतं आणि अर्थ खातं आलेले पैसे मोजतं. मी बी. कॉम. असल्यामुळे हा व्यवहार मला चटकन समजतो. एकच वस्तू, तीन खतावण्या. कुठलीच दुसरीशी ताडून बघायची नाही, की सगळ्या बरोबर जुळतात!

आता ई-सिगारेटचं बघा. ही आली परवा. हॉन लिक नावाच्या एका चिनी औषधतज्ज्ञानं २००३ च्या सुमारास ती तयार केली. गृहस्थ स्वतः अट्टल सिगारेटवाले. नळीत बॅटरी, बॅटरीनं तापणारी तार आणि निकोटिन मिसळलेला द्रव. ओढलं की वाफ येते. जळत काही नाही, त्यामुळे राख नाही, डांबर नाही. निकोटिन मात्र आहे, म्हणजे सवय लावायची सोय शाबूत आहे.

या पाहुणीला आपल्या सरकारनं उंबरठ्यावरच अडवलं. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. निर्णय आरोग्याचा, पण जाहीर केला अर्थमंत्र्यांनी. बनवायची नाही, आणायची नाही, विकायची नाही, जाहिरात करायची नाही. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता साठा केला तरी सहा महिने किंवा पन्नास हजार, किंवा दोन्ही. उलट, बसस्टॉपवर उभं राहून खरीखुरी सिगारेट ओढून शेजारच्या बाळंतिणीच्या तोंडावर धूर सोडला, तर २००३ च्या केंद्राच्या कायद्यानं जास्तीत जास्त दोनशे रुपये! गंमत पुढंच आहे. या नव्या कायद्यातल्या गुन्ह्यांच्या यादीत 'ओढणे' हा शब्दच नाही. २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयानं खुलासा केला, की कुठल्याही स्वरूपात जवळ बाळगली तरी तो कायद्याचा भंगच. म्हणजे ओढायला हरकत नाही, फक्त हातात दुसऱ्यानं धरायला हवी.

तुम्ही म्हणाल, विनोद पुरे, यात तत्त्वाचा प्रश्न कुठला? प्रश्न असा, की पाप मोजायचं कशानं? त्यानं होणाऱ्या नुकसानीनं, की त्याच्या वयानं?

हा वाद चारशे वर्षांचा आहे. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला, तो तंबाखू आणि नक्षीदार नळी घेऊन. बादशहानं दोन-चार झुरके घेतले. दरबारचे हकीम धावून आले. त्यांचं म्हणणं, ही वस्तू नवी आहे, आमच्या ग्रंथांत तिच्याबद्दल अक्षर नाही, हुजुरांनी हात लावू नये. असद बेगचं म्हणणं, जगातली प्रत्येक रीत कधी ना कधी नवीनच होती. पुढे १६१७ मध्ये जहांगिरानं तंबाखूवर बंदी घातली. त्या बंदीचं काय झालं हे सांगायला आजोबांची चंची पुरेशी आहे. तेव्हाची नवखी पोर आज आजेसासू होऊन बसली आहे आणि दारात आलेल्या नव्या सुनेकडे "हिचं वळण बरं दिसत नाही" म्हणून नाक मुरडते आहे.

आमच्या शाखेतल्या हेडकॅशियरसाहेबांनी हा प्रश्न स्वतःच्या छातीवर सोसला. अठ्ठावीस वर्षं, रोज दोन पाकिटं. नोटा मोजताना ते खोकायचे आणि खोकताना चुकलेली गड्डी पुन्हा मोजायचे. २०१७ साली मुलानं त्यांना ई-सिगारेट आणून दिली. ती ते खिशात पेनाशेजारी लावत. एका खातेदारानं तर पेन समजून तिनं चलान भरायचा नेटानं प्रयत्न केला. पण सहा महिन्यांत पाकिटं बंद झाली. खोकला उतरला. जिना चढून आल्यावर लगेच बोलता यायला लागलं, हा तेवढा आम्हांला तोटा.

मग २०१९ आलं. माणूस कायद्याला भिणारा. त्यांनी ती नळी कचऱ्यात टाकली, आणि पंधराव्या दिवशी समोरच्या टपरीवर रीतसर, कर भरून, कायदेशीर सिगारेट पेटवली. मला म्हणाले, "अहो, एवढंच सांगा, सरकारनं मला नेमकं कशापासून वाचवलं?"

ताळेबंद समोर असता तर मी उत्तर दिलं असतं.

पण उत्तर अगदीच नाही असंही नाही. ते आमच्या शेजारीच राहतं आणि दहावीत आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या दप्तरात एक गुलाबी नळी सापडली. वहिनी रडत आमच्याकडे आल्या. पोरगं शांतपणे म्हणालं, "काका, तंबाखू नाहीये यात. नुसती वाफ आहे, आंब्याची."

"आंब्याची?" वहिनी कडाडल्या, "घरात पेटी आणून ठेवलीय, तिला हात लावत नाहीस मेल्या!"

नळी क्लासशेजारच्या टपरीवरून आणलेली. वय विचारलं नाही, पावती नाही, आत निकोटिन किती याचा पत्ता नाही. चोरबाजाराला नियम कोण लावणार? पण वहिनींचे डोळे बघितल्यावर "बंदी काढा" म्हणायला माझी जीभ रेटली नाही. हेडकॅशियरसाहेब धुरातून वाफेत आले होते. हा पोरगा स्वच्छ हवेतून वाफेत चालला होता. वस्तू तीच, पण एकाची उतरण आणि एकाची चढण.

शहाण्या देशांनाही हे कोडं सुटलेलं नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेनं २०१५ मध्ये सांगितलं, की ई-सिगारेट ही सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी अपायकारक. या आकड्यावर पुष्कळ भांडणं झाली. २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना तो संच फुकट द्यायचं जाहीर केलं. आणि पोरंटोरं ओढायला लागल्यावर १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या ई-सिगारेटवर बंदी घातली. एका हातानं द्यायचं, दुसऱ्यानं काढून घ्यायचं.

बँकेत आम्हांला एक गोष्ट कळते. नवं खातं न उघडणं सोपं, जुनं थकलेलं खातं निस्तरणं महाकठीण. कायद्यानं सोपं काम केलं. माझी त्याला हरकत नाही. पाण्यात दोघं पडले तर आधी पोराला काढावं, हे कुठलाही हेडकॅशियर मान्य करील. पण म्हाताऱ्याच्या हातातली फळी काढून घेऊन, "ही फळी तपासलेली नाही," असं काठावरून सांगायचं, आणि तो बुडताना गिळेल त्या पाण्यावर करही घ्यायचा, याला काय म्हणावं? फळी काढून घेणाऱ्यानं निदान दोर तरी टाकावा.

दोर अगदी नाही असंही नाही. तंबाखू सोडू बघणाऱ्यांसाठी २०१६ पासून सरकारची फुकट फोनसेवा आहे. पुढे तिचा नंबर पाकिटावरही छापला. मी साहेबांना विचारलं, "कधी बघितलात का हो तो नंबर?"

"कुठून बघणार?" ते म्हणाले, "मी हल्ली सुटी घेतो."

सुट्या सिगारेटी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. तरी त्या मिळतात. घशाचं ते चित्र आणि सुटकेचा तो नंबर, दोन्ही टपरीवाल्यापाशीच राहतात. तो बिचारा सुपारीसुद्धा खात नाही.