हिऱ्याची पारख



खेड्यांतील एखाद्या मनुष्याच्या हातीं न घडविलेला हिरा दिला तर तो त्यास गारगोटी समजून फेकून देईल, आणि पैलू पाडलेली कांच दिली तर ती हिरा समजून जपून ठेवील. चकाकी पाहणें म्हणजे पारख नव्हे.

जव्हेरी चार गोष्टी पाहतो. पहिली वजन, तें कॅरटांत मोजतात, व एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पांचवा हिस्सा. दुसरी रंग, साधारण हिऱ्यांत पिंवळट झांक जितकी अधिक, तितकी किंमत कमी. तिसरी निर्मळपणा, दसपट मोठें दाखविणाऱ्या भिंगांतून तो आंतील डाग व चिरा शोधतो. चौथी घडण. पहिल्या तीन गोष्टी हिरा बहुतेक जमिनींतूनच घेऊन येतो. चौथी त्यास कारागिराच्या हातून मिळते. पैलूंचे कोन चुकले तर आंत शिरलेला प्रकाश खालून निसटून जातो; कोन बरोबर साधले तर तोच प्रकाश पाहणाराकडे परत येतो. हिऱ्यास स्वतःचा उजेड नाहीं.

सन १८५१ त लंडनच्या प्रदर्शनांत कोहिनूर मांडला, तेव्हां त्याचें तेज पाहून पुष्कळांची निराशा झाली. पुढच्या वर्षीं तो पुन्हां घडविला. सुमारें १९१ कॅरटांचा हिरा १०६ च्या आंतबाहेर राहिला. वजन गेलें, पण तेज वाढलें.

आतां आपण मंडळींत माणसें कशीं पारखतों? पूर्वीची जात कोणती, शेत किती, पाठांतर किती, हेंच ना? हा दोष आमचाहि आहे. एका गांवीं एका वृद्ध बाईस प्रभूची प्रार्थना नीट म्हणतां येईना, म्हणून आम्हीं तिचा बाप्तिस्मा लांबणीवर टाकिला. पुढें तापाच्या सांथींत, जी शेजारीण तिला नित्य शिव्या देत असे, तिचींच पोरें ह्या बाईनें आपल्या झोंपडींत आणून आपली भाकर त्यांस घातली. हें ऐकून आमची मान खालीं गेली. आम्हीं वजन पाहिलें होतें. प्रकाश परत येतो कीं नाहीं, हें पाहिलें नव्हतें.

उपदेशक बंधूंनो, पुढच्या खेपेस कोणाची परीक्षा घ्यावयास बसाल, तेव्हां तें भिंग आधीं आपल्याच अंतःकरणावर धरा. आणि आपलें वजन कमी होत आहे असें वाटून कष्टी होऊं नका. कदाचित् आपला कारागीर पैलू पाडीत असेल. आमेन.