गिरणी आणि अद्वैत
अमळनेरची प्रताप मिल आणि तिथलेच तत्त्वज्ञान मंदिर, दोन्हींमागे श्रीमंत प्रतापशेठ. 1916 साली स्थापलेल्या या मंदिरात अद्वैत वेदान्ताचा अभ्यास चाले. त्याला आधार उद्योगातल्या पैशाचा. प्रश्न इथेच उभा राहतो: ब्रह्म एकच, तर मालक आणि मजूर हा भेद कुठला? शांकर परंपरा त्याला व्यावहारिक सत्य म्हणते. मंदिरात काही काळ शिकलेल्या साने गुरुजींनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. 'भारतीय संस्कृती' या पुस्तकात त्यांनी अद्वैत हे आचरणाचे अधिष्ठान मानले. धुळ्याच्या गिरणी कामगारांसाठी तर तापीत जलसमाधी घेण्याची त्यांची तयारी होती. वेदान्ताचे याहून खरे भाष्य खानदेशाने क्वचितच पाहिले असेल. प्रताप मिलचा भोंगा आता वाजत नाही. तत्त्वज्ञान मंदिर मात्र उभे आहे.