वास्तूचे कर्तेपण

वास्तुकलेच्या शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात सहसा तीन प्रेरणा असतात. रेषा, प्रमाण आणि प्रकाश यांची ओढ ही पहिली. स्वतःच्या नावाने ओळखली जाईल अशी वास्तू उभी करावी ही दुसरी, आणि माणसांना धड निवारा मिळावा ही तिसरी. तिन्ही खऱ्या आहेत; मात्र दुसरीतून एक अवघड तात्त्विक प्रश्न निघतो. वास्तू बहुधा दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यांच्या हातांनी आणि दुसऱ्यांनी राहावे म्हणूनच उभी राहते. मग आराखडा काढणाऱ्याने तिचे कर्तेपण कितपत स्वतःकडे घ्यावे?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणे, विविध चेष्टा आणि दैव. असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला यथार्थ दिसत नाही, असा तेथील निष्कर्ष आहे. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. हीच मांडणी बांधकामाला लावली, तर जमीन हे अधिष्ठान, अवजारे आणि साहित्य ही करणे, गवंडी-सुतारांचे श्रम या चेष्टा आणि पाऊस, भूकंप, काळ हे दैव ठरते. वास्तुविशारद हा या पाचांपैकी एक आहे. तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही.

वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्या वाटचालीत या विचाराचे प्रत्यक्ष रूप दिसते. त्यांचा जन्म १९२७ मध्ये पुण्यात, दोन पिढ्या लाकडी सामानाच्या व्यवसायात असलेल्या एकत्र कुटुंबात झाला. चित्रकलेची आवड आणि प्रमाणाची जाण लहानपणापासूनच होती. १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत जे. जे. या कलाशाळेत वास्तुकलेचे शिक्षण सुरू केले. पुढे १९५१ पासून पॅरिसमध्ये वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली त्यांनी काम केले, आणि सुरुवातीचे काही महिने तर बिनपगारी. ही उमेद पहिल्या प्रेरणेची, म्हणजे कलेच्या ओढीची होती. ल कॉर्बुझिए यांच्या इमारतींवर देखरेख करण्यासाठी ते अहमदाबादला आले आणि तिथेच स्थिरावले. १९६२ मध्ये त्यांनी तेथे वास्तुकलेचे विद्यालय स्थापन केले.

तिसरी प्रेरणा त्यांच्या इंदूरच्या 'अरण्य' वसाहतीत सर्वांत स्पष्ट दिसते. १९८०च्या दशकात अल्प उत्पन्न गटांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या या वसाहतीत सुमारे ६५०० घरांची योजना होती. गरीब कुटुंबांना तयार घर देण्याऐवजी जोते, संडास-न्हाणी आणि पाणी यांची सोय असलेला भूखंड देण्यात आला. वरची खोली, जिना, सज्जा, रंग हे सारे ऐपतीप्रमाणे आणि गरजेप्रमाणे ज्याचे त्याने वाढवायचे. इथे वास्तुविशारदाने काम जाणूनबुजून अपूर्ण ठेवले, आणि ते पूर्ण करण्याचा अधिकार राहणाऱ्यांना दिला. या वसाहतीला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, तर दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेचाच प्रित्झकर पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

यावर एक आक्षेप संभवतो. कर्तेपण सोडायचे, तर उत्तम काम करण्याची ईर्ष्या कशाच्या बळावर टिकेल? हा आक्षेप अनासक्ती आणि बेफिकिरी यांची गल्लत करतो. फळावरचा हक्क सोडावा असे गीता सांगते; पण कर्मातले कौशल्य सोडावे असे ती कुठेही म्हणत नाही. 'अरण्य'मध्ये तर कौशल्याची गरज वाढलीच होती. सांडपाण्याचा उतार, जोत्याची पातळी, गल्लीची रुंदी, अंगणांची दिशा यांत चूक झाली असती, तर तिच्यावर रचलेले प्रत्येक घर पिढ्यान्‌पिढ्या ती सोसत राहिले असते. जे इतरांच्या हाती जायचे आहे त्याचा पाया अधिकच निर्दोष लागतो.

म्हणून पहिली प्रेरणा टाकून देण्याची गरज नाही. प्रमाणाची जाण नसेल, तर सेवेची इच्छा ओबडधोबड भिंतींपलीकडे जात नाही. आणि राहणाऱ्याचा विचार नसेल, तर सौंदर्य केवळ छायाचित्रापुरते उरते. शिक्षणाचे काम या दोन प्रेरणा एकत्र आणण्याचे आहे. विद्यार्थ्याच्या आराखड्याचे मूल्यमापन करताना त्यात राहणाऱ्याला स्वतःचे काय करता येईल, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. तसे झाले की नावाची हौस आपोआप दुय्यम होते, आणि वास्तुविशारदाचे कर्तेपण त्याच्या जबाबदारीपुरते उरते.